चहात बुडवलेली खारी

दुसऱ्या मजल्यावरची ती चिमुरडी लिफ्टमध्ये भेटली की मला जरा धाकच वाटतो. पहिलीत आहे, पुढचे दोन दात पडलेत आणि दिसेल त्याबद्दल विचारायची तिला सवय. पिशवीत कणसं किती, माझ्या चपलेचा अंगठा शिवलेला का, लिफ्ट सुरू झाली की अण्णा डोळे का मिटतात. जानेवारीतली सकाळ होती, ती गणवेशात, माझ्या हातात आमच्या कुत्रीचा, खारीचा पट्टा. दार बंद झालं आणि खाली बघत ती म्हणाली, “काकू, खारीचे पाय तुम्ही चहात बुडवले का?”

मी हसले. होतंच तसं. सिंहगड रस्त्यावरच्या एका बेकरीच्या ओट्याखाली ती सापडली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. पाठ भाजलेल्या खारीच्या रंगाची, पोट आणि चारी पाय पांढरेशुभ्र. नाव ठेवायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. आता खारी म्हटल्यावर ती कधी ना कधी चहात बुडणारच, असं मी अण्णांना सांगितलं, लेकीला सांगितलं, ऑफिसच्या ग्रुपवरही टाकलं. तीस-चाळीस हसरे चेहरे आले. संध्याकाळी कुकर लावताना मात्र ते वाक्य परत वर आलं. पाय चहात बुडवले का, असं तिला वाटलं, कारण ते आधी पांढरे होते हे तिच्या लक्षात होतं.

माझ्या नव्हतं.

रात्री अंथरुणात पडून मोबाइलमधले फोटो मागे मागे नेत गेले. दिवाळीतल्या फोटोत खारी रांगोळीशेजारी बसलीय, पुढच्या पंजांची बोटं विटकरी. गणपतीतल्या फोटोतही तशीच, जरा फिकी. त्याआधीच्या उन्हाळ्यात सतरंजीवर पसरलेली, बोटांच्या मधल्या फटी तेवढ्या गुलाबी-तपकिरी. आणि त्याच्याही मागे, ती वर्षाची असताना अण्णांच्या धोतरावर डोकं ठेवून झोपलेली: पंजे धोतराहून पांढरे. दीड वर्षात तिचा रंग बदलत गेला, रोज चार वेळा तिचे पाय पुसणाऱ्या माझ्या डोळ्यांदेखत. रोज बघितलेलं दिसत नाही हे मला माहीत होतं, पण ते भिंतीवरच्या ओलीबद्दल, पडद्यांच्या धुळीबद्दल. नंतर कळलं, कुत्र्याच्या लाळेत आणि अश्रूंत एक द्रव्य असतं, फिक्या केसांवर ते साचून राहिलं की केस तांबूस होत जातात. म्हणजे तो रंग म्हणजे हिशेबच होता, किती चाटलं त्याचा.

चाटण्याचा आवाज तर पूर्ण घराला पाठ होता. चप, चप, चप, मग दातांनी बारीक कुरतडल्यासारखं, मग परत चप चप. रात्री दीड-दोनला तो आवाज सुरू झाला की मी झोपेतच ओरडायचे, “खारी! बास!” ती थांबायची. अंधारात तिचे डोळे चमकायचे, मी कूस बदलायचे, आणि दोन मिनिटांनी अगदी हळू आवाजात, मला कळू नये अशा बेतानं, ती परत सुरू करायची. याला आम्ही ‘खारीची खोड’ म्हणायचो. पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, फार स्वच्छतेची आहे हो आमची, सारखी पाय धुते. कार्पेटवर तोंड घासत पुढे जायची त्याला लेकीनं ‘खारीचा डान्स’ नाव दिलं होतं, त्याचे व्हिडिओ आहेत. कानाला कुबट वास यायचा, पावसाळ्यात न वाळलेल्या टॉवेलसारखा. कुत्रं म्हटल्यावर वास येणारच. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक गोड खुलासा होता. मला त्या जोरानं ओरडलेल्या ‘बास’ची अजून लाज वाटते. ज्याला खाज सुटलीय त्याला ‘खाजवू नको’ म्हणणं सोपं असतं. मला एकदा लग्नाच्या मांडवात ढेकणांनी चावून काढलं होतं, तेव्हा मी कुणाचं ऐकलं होतं?

बाहेरच्यांना मात्र खोड वगैरे वाटत नव्हतं. काखेत आणि पोटाला तिचे केस विरळ व्हायला लागले तशी लिफ्टमध्ये माणसं अंग चोरायला लागली. एक आजी सरळच म्हणाल्या, “लूत लागलीये तिला, लेकरं आहेत सोसायटीत.” आपल्या भाषेत हा शब्द नुसता आजार नाही, शिवी आहे, लूतभरं कुत्रं म्हटलं की दगडच उचलायचा. मी दुखावले आणि घरी येऊन उपाय सुरू केले. कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ. हळद, सोफ्याचं कव्हर अजून पिवळं आहे. खोबरेल तेल, ते तिनं पाच मिनिटांत आवडीनं चाटून पुसून घेतलं, वर आणखी आहे का म्हणून बघितलं. बाळाचा शाम्पू. कुणीतरी टी-ट्री तेल सुचवलं होतं, ते आणलं नाही हे नशीब. कुत्र्याला ते विषासारखं बाधू शकतं. कुणी म्हणालं मीठ बंद करा, कुणी म्हणालं गरम पडतंय, ताक द्या. ताकही दिलं.

मग जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लांबूनच बघून इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी खाज नाहीशी! मी त्यांना देवमाणूस ठरवून टाकलं. तीन आठवड्यांनी चप चप परत. परत इंजेक्शन, परत चमत्कार, परत चप चप. असं तीनदा झालं. ते स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडला मी नावं ठेवणार नाही, वेळेला ते लागतंच; पण खाज कशाची हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्या दिवसांत खारी पाणी ढसाढसा प्यायची, खा-खा करायची आणि रात्रीतून तीन वेळा दाराशी जाऊन उभी राहायची. अण्णा उठायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कानटोपी घालून, जिना उतरून. लिफ्ट रात्री वापरत नाहीत ते, अडकली तर कोण येणार म्हणतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर सांगलीकडचं घर बंद करून आमच्याकडे आले. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभ्या जन्मात माइकवरून गाड्या पुकारल्या, पण घरात दिवसाला वीस शब्द बोलले तर खूप. माळकरी. पहाटे उठून अभंग, मग पेपर, मग खिडकी. जावयाशी हवापाण्यावर बोलतात, माझ्याशी औषधांवर. खारीशी काय बोलतात ते मी चोरून ऐकलं आहे. “जेवलीस का गं?” एवढंच. दिवसातून पाच-सहा वेळा. आणि ताटातल्या शेवटच्या पोळीचा चतकोर बाजूला ठेवलेला असतो, तूप लावून. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट त्यांनी मला लहानपणी शंभरदा सांगितली असेल. खारी आल्यावर ते ती सांगत नाहीत, करतात.

जानेवारीच्या शेवटी आम्ही त्वचेचंच काम बघणाऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी पहिला अर्धा तास खारीला हातच लावला नाही. नुसते प्रश्न. खाज आधी की पुरळ आधी? कितव्या महिन्यात सुरू झाली? बारा महिने असते की ऋतू बघून येते? घरात माणसांपैकी कुणाला खाज येते का? मग बारीक दातांचा कंगवा तिच्या शेपटीच्या मुळाशी फिरवला आणि निघालेली काळी कणी ओल्या टिश्यू पेपरवर टाकली. कणीभोवती तांबडं वर्तुळ उमटलं. “पिसवा,” त्या म्हणाल्या. ती कणी म्हणजे पिसवेची विष्ठा, तांबडं म्हणजे खारीचंच पचलेलं रक्त. मी ठामपणे म्हणाले, आमच्या घरात पिसवा नाहीत, मी एकही पाहिलेली नाही. त्या म्हणाल्या, ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेचंच वावडं असतं त्याला दोन-चार चावेही पुरतात, आणि सारखं खाजवणारं कुत्रं पिसवा गिळूनही टाकतं, म्हणून दिसत नाहीत. मग कातडी खरवडून काचपट्टीवर घेतली: लुतीचे किडे नाहीत. ते खरवडण्यात दर वेळी सापडतातच असं नाही, पण त्यांनी दिलेलं पिसवांचं औषध त्या किड्यांवरही चालणारं होतं, त्यामुळे तीही शंका मिटणार होती. मग साध्या चिकटपट्टीचा तुकडा पंजाच्या बोटांमध्ये दाबून उचलला, निळ्या रंगात बुडवला आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. निळ्या शेंगदाण्यांचा सडा पडला होता. बुरशी. ती प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडी असते. कातडी दुखावली, ओलसर राहिली की माजते. तो कुबट वास कुत्र्याचा नव्हताच, या बुरशीचा होता.

“म्हणजे बुरशीमुळे खाज?” मी सुटकेनं विचारलं. त्यांनी मान हलवली. बुरशी नंतर आलेली पाहुणी आहे, दार कुणी उघडलं ते शोधायचंय. आधी पिसवा घालवू, मग बुरशी, मग जी खाज उरेल ती खाण्याची का ते बघू, आणि तीही काढून जी उरेल ती हवेतली: घरातल्या धुळीतले किडे, परागकण, बुरशीचे कण. माणसाला हवेतलं काही सोसलं नाही की शिंका येतात, कुत्र्याला बहुतेकदा खाज येते. पंजे, काखा, पोट, कान, तोंड, याच जागा. मी रक्ताची एक चाचणी छापून नेली होती, ‘शंभर पदार्थांची अ‍ॅलर्जी एका थेंबात’ अशी जाहिरात होती. त्यांनी कागद वाचून घडी करून परत दिला. खाण्याच्या बाबतीत या चाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही म्हणाल्या. खाऊनच बघावं लागतं, आणि न खाऊन. बाहेर आल्यावर अण्णा रिक्षात म्हणाले, “वजाबाकी आहे.” त्यांना बाई पटल्या होत्या.

वावडं हा शब्द त्या दिवशी मला फार दिवसांनी भेटला. आई वापरायची. तिला फणसाचं वावडं होतं, आत्याला शेंगदाण्याचं, आणि आमच्या एका काकांना, तिच्या म्हणण्याप्रमाणे, कामाचं. आता आम्ही अ‍ॅलर्जी म्हणतो. तो शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या डॉक्टरानं १९०६ साली घडवला. लेक सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिनं जेवताना आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला अजून घशाखाली नीट उतरलेली नाही. १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. परत आल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचून पाहिलं. अंगाला सवय होईल अशी अटकळ होती. नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा पहिल्या डोसानंतर मजेत होता. काही आठवड्यांनी पुन्हा तसाच थोडका डोस दिला, आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. सवय तर नाहीच झाली, उलट अंगानं आठवण ठेवली होती. त्या शोधाला १९१३ चं नोबेल मिळालं. खारीचं वावडं त्या जातीचं नाही, सावकाशीचं आहे. गांधीलमाशी चावून तोंड सुजलं, धाप लागली, कुत्रं कोसळलं तर तो प्रकार, तेव्हा एक मिनिट न दवडता दवाखाना गाठायचा. पण पहिल्या घासाला काही होत नाही, ओळख झाल्यावर होतं, हे दोन्हीकडे सारखंच. डॉक्टर बाई तेच म्हणाल्या होत्या. कुत्र्याच्या बाबतीत नव्या खाण्याचा नाही, रोजच्या खाण्याचा संशय घ्यायचा.

तर रोजचं खाणं. बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा, खारीला तुम्ही काय देता. एकत्र विचारलंत तर सगळे संत होतात. मी विचारलं. लेक: ग्लुकोजची बिस्किटं, दोन, “कधीकधी चार.” नवरा: चीज, आणि ऑम्लेट बाहेर खाऊन येताना पिशवीतून त्याचा तुकडा. कामाच्या मावशी: त्यांच्या डब्यातली भाकरी, कारण “ती तोंडाकडं बघती वो.” वॉचमन: वडापावचा पाव. अण्णा: पोळी, तूप, सायीचं बोट, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे शेंगदाणे. मी: चिकन. माळकऱ्याच्या घरात चिकन कसं, तर बाल्कनीत इंडक्शन शेगडीवर, नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेल्या वेगळ्या पातेल्यात. बिनमसाल्याचं, हाडं काढून, भातात कालवून. कुत्र्याला सगळ्यात हलकं आणि सोसणारं म्हणून दीड वर्ष मी ते कष्टानं करत होते. जंताच्या गोळीलासुद्धा मांसाचा स्वाद होता. यादी पानभर झाली.

आठ आठवडे यातलं काहीही नाही. खारीनं जन्मात खाल्लं नसेल असं एक प्रथिन आणि एक पिष्ट, बस. मासा आणि रताळं ठरलं. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदा गेले, नाकाला ओढणी लावून, आणि कोळीणबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघूनच बांगडे साफ करून दिले. घरी वाफवायला ठेवले तसा वास बाल्कनीतून पडद्यात, पडद्यातून उशांत शिरला. मला अण्णांची धास्ती होती. संध्याकाळी ते उदबत्ती लावून खिडक्या उघडत फिरले आणि म्हणाले, “माळ माझ्या गळ्यात आहे, तिच्या नाही.” मग कपाटातून एक रेघी वही काढली.

त्या वहीबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. पट्टीनं आखलेले सहा रकाने, डेपोतल्या लॉगशीटसारखे. दिवस. वेळ. आहार. बाहेर फेरी. शेरा. आणि खाज, ० ते १०. बाईंनी एक उभी मोजपट्टी दिली होती, शून्य म्हणजे निरोगी कुत्रं अधूनमधून खाजवतं तेवढं, दहा म्हणजे खाणं-झोपणंसुद्धा सोडून खाजवणं. अण्णांनी ती आपल्या पद्धतीनं पक्की केली. ‘रात्री १.४० ते १.५२, उजवा पुढील पंजा. दुपारी ४.१०, कान, तीन वेळा.’ उशिरा आलेल्या गाडीची नोंद करावी तशा निर्विकार अक्षरात. पहिल्या दिवशी आठ. नवव्या दिवशी सात. चौदाव्या दिवशी सहा. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पूनं आंघोळ होती, त्याचा फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा असतो, आणि फेसाळलेली कुत्री दहा मिनिटं धरून ठेवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. अण्णा बाथरूमच्या दारात स्टुलावर बसून अभंग म्हणायचे. खारी त्यांच्याकडे बघत राहायची, मी घड्याळाकडे.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी वही उघडली. आहाराच्या रकान्यात मासा-रताळ्याखाली लिहिलं होतं, ‘पोळी, तुकडा अर्धा, तूप. मी.’ शेऱ्याचा रकाना कोरा. खाली पट्टीनं आडवी रेघ मारली होती, आणि पुढच्या पानावर नव्यानं रकाने आखून वर ‘दिवस १’.

मी काही बोलले नाही. तेही नाहीत. त्या दिवशी ते जेवायला बसले ते खारीला आत कोंडून, आणि मग रोजच. दाराआडून तिचं कुईकुई ऐकत ते भराभर जेवायचे, शेवटची पोळी घ्यायचेच नाहीत. बघता बघता त्यांचं वजन दोन किलोनं उतरलं. पथ्य कुणाचं चाललंय ते मला कळेना. एकदा मला वाटलं की सगळं सोडून द्यावं, खाजवत राहील थोडी, म्हातारा माणूस सुखानं जेवेल तरी. हे मी कुणाला सांगितलं नाही, इथेच लिहितेय.

एप्रिलच्या मध्याला छप्पन्न दिवस भरले तेव्हा खाजेच्या रकान्यात तीन होता. रात्रीच्या नोंदी आठवड्याला एखादी. बोटांच्या फटींतला लालपणा गेला होता आणि पंजांवर मुळाशी पांढरे केस दिसायला लागले होते. मला वाटलं झालं, पण बाई म्हणाल्या, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. पिसवा गेल्या, बुरशी गेली, आहार बदलला, सगळं एकदमच झालं, गुण कुणाचा? आता जुनं खाणं एकेक करून परत द्यायचं, प्रत्येकाला दोन आठवडे, आणि खाज वाढली की थांबायचं. बरं वाटत असलेल्या जिवाला मुद्दाम परत त्रास द्यायचा, खाजवून खरूज काढायची म्हणतात ती अक्षरशः हीच. पहिली पोळी द्यायची ठरली. एका वेळी एकच पदार्थ, म्हणून तुपाशिवाय.

कोरडी. अण्णांना ते शब्दशः जड गेलं. पोळीचा चतकोर हातात धरून ते जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “नामदेव हसतील.” दोन आठवडे कोरडी पोळी, रकान्यात तीन, तीन, दोन, तीन. मग तूप. तीन, दोन, दोन. पोळी निर्दोष, तूप निर्दोष. मग माझं चिकन. पहिले तीन दिवस काही नाही. मी वहीकडे विजयी मुद्रेनं बघत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा कान हाताला गरम लागला. आतून लाल झाला होता, जास्वंदीच्या पाकळीसारखा. रात्री एक वाजता चप, चप, चप. पाचव्या दिवशी सात. ज्या पातेल्याला मी लाल ठिपका दिला होता, त्यातूनच दीड वर्ष ते येत होतं. चिकन बंद केलं, दहा-बारा दिवसांत कातडी निवली. कुत्र्यांना बाधणाऱ्या खाण्यांत चिकन बरंच वर आहे म्हणे, गोमांस, दूध, गहू यांच्या जोडीला. पण आपल्या हातचंच बाधलं हे कळल्यावर जे वाटतं त्यावर ‘बरंच वर आहे’ हा काही उतारा नाही. अण्णा मला ‘पोळी नव्हती’ एवढं म्हणू शकले असते. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘चिकन बंद. कायम.’ आणि त्या रात्री शेवटच्या पोळीवर तूप जरा जास्तच होतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण रकान्यातला तीन काही शून्य होईना. ती उरलेली खाज हवेतली. वजाबाकीत शेवटी काहीतरी बाकी उरतंच, आणि ही बाकी जन्मभराची आहे, आटोक्यात ठेवायची, जायची नाही. सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होणारी, आमच्या खारीची झाली तशीच. एखाद्या कुत्र्याला दोन्ही वावडी असतात, आणि खारी त्यातली. तिचं अंथरूण म्हणजे आईच्या लुगड्यांची गोधडी. गोधडीत, गादीत, जिथे कातडीचा कोंडा आणि दमट ऊब, तिथे धुळीतले ते डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात. दर आठवड्याला ती साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवायला हवी. पहिल्यांदा धुतली तेव्हा मशीनच्या काचेमागे पाणी निळंशार झालं. इरकली काठाचा रंग उतरत होता. अण्णा खुर्ची घेऊन मशीनसमोर बसले आणि पूर्ण धुणं होईपर्यंत बसून राहिले. आता गोधडी फिकी झालीय, आणि मऊ.

फिरून आल्यावर पंजे धुऊन पुसायचे, बोटांमधून कोरडे करायचे. पावसाळ्यात तळजाईच्या वाटेवर आणि आमच्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं होतं, पांढऱ्या फुलांचं. १९५५-५६च्या सुमारास देशात ते पहिल्यांदा डोळ्यांवर आलं ते या पुण्यातच, आता कुठे नाही ते विचारा. शेतात राबणाऱ्या कितीतरी माणसांच्या कातडीची त्यानं वाट लावलीय. आम्ही डांबरी रस्त्यानं फिरतो. फार वाढली खाज तर ऑक्लासिटिनिबची गोळी आहे, ती खाजेचा निरोप पोचवणाऱ्या रसायनांची वाट मधेच अडवते. महाग आहे, बाईंना विचारल्याशिवाय द्यायची नाही. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला लागल्या तेव्हा बांगड्यांसाठी फ्रीझरचा एक कप्पा रिकामा केला. त्यात पूर्वी माझे मटार असायचे. रोजच्या जेवणात कमी पडतं ते बाईंनी दिलेल्या पावडरीतून जातं.

मे अखेरीस पंजे जवळजवळ पांढरे झाले होते. श्रावणात परत रंग धरायला लागले, फिका.

परवा रात्री जाग आली. चप, चप. मी ‘बास’ म्हणणार होते, सवयीनं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हॉलमध्ये टॉर्च लागला. वहीचं पान उलटल्याचा आवाज, मग पेन्सिलीचा. चप, चप चालूच. “दोन दहा,” अण्णा हळूच म्हणाले, बहुधा तिलाच. मग स्टीलच्या वाटीतलं पाणी हलल्याचा आवाज आला, ते फडकं भिजवून तिचे पंजे थंड पाण्यानं पुसत होते. मी उठून जायला हवं होतं. नाही गेले. तिथे माझं काही काम आहे असं वाटलं नाही.

सकाळी लिफ्टमध्ये ती चिमुरडी होती. आता दुसरीत आहे, पुढचे दात आलेत, तोंडाच्या मानाने जरा मोठेच. खारी तिच्या दप्तराचा वास घेत होती. मुलगी खाली वाकली, एक पंजा उचलून उजेडात धरला, बोटं फाकवून आत बघितलं. आधी डॉक्टर बाईंनी बघितलं होतं तसं.

“काकू, परत चहा?”

“कटिंग,” मी म्हटलं.